पाणी हालतं ठेवायचं

नकाशावर या तळ्याला नाव नाही, आकडा आहे.
आमच्या घरात त्याला बेल्त्सा म्हणतात,
आजोबांच्या काळ्या खेचरावरून.
त्याच्या दोन्ही अंगांना दुधाचे कॅन बांधून
आजोबांनी इथं पहिले मासे आणले.
सिएराच्या या उंचीवर तोवर मासा नव्हता.
बर्फानं कोरलेली वाटी, तिच्यात आभाळ,
आणि काठाला बेडूक, एवढे
की पाऊल टाकायचं तर विचारून टाकावं.

कॅनमध्ये बोटाच्या पेराएवढी ट्राउटची पिल्लं,
तोंडावर ओलं गोणपाट.
चौदा मैलांचा चढ आणि एकच नियम,
थांबायचं नाही.
पाणी हिंदकळतं तोवर त्यात हवा मिसळते,
खेचर उभं राहिलं
की पिल्लं पांढरी पोटं दाखवू लागतात.
म्हणून एर्रामुन आजोबा चालता चालता जेवले,
चालता चालता मुतले,
हे ते पाद्रीबुवांच्या देखतही सांगत.
आणि अगदी शेवटी, तळं दिसू लागल्यावर,
बेल्त्सा अडलं.
एक पाय उचलून तसंच उभं.
शिव्या झाल्या, बास्कमध्ये आणि इंग्रजीत.
मग दोन तास ते स्वतःच कॅन हलवत बसले,
रडं थांबत नसलेलं मूल हलवावं तसे.

पुढं माणसं आली.
तंबू, गळ, पत्र्याच्या होड्या,
शेकोटीवर करपलेले मासे आणि त्यांचं कौतुक.
त्यांच्यावर आमचं घर चाललं.
बाबांनी खेचरं भाड्यानं दिली, आईनं पाव विकले.
माझा पहिला मासाही इथलाच.
आजोबांनी त्याच्या ओठातून गळ सोडवला, म्हणाले,
‘नेकाने, हिच्या पणजीला मी वर आणलंय.’

आता मी येते ती सरकारी टोपी घालून.
हवेची होडी पायानं फुगवते.
संध्याकाळी जाळी लावते, पहाटे काढते.
बोटं इतकी गारठतात की पेन्सिल दातांत धरून
आधी काखेत हात घालावे लागतात.
मग वहीत लिहिते,
एकतीस. एकोणीस. सात.
बेडूकमाशांना इथं मोठं व्हायला तीन-तीन वर्षं लागतात,
आणि ट्राउटला तेवढा धीर नाही.
शेवटचा मासा निघेल तेव्हा बेडूक परत येतील,
असं कागदावर आहे.

पलीकडच्या काठावर एक बाप-लेक उतरलेत.
मुलाच्या गळाला तीन दिवसांत काही लागलेलं नाही.
तो माझ्या बादलीत डोकावतो.
‘तुम्हाला कसे मिळतात?’
मी काय सांगणार, मी त्यांचा तवा मागितला.
मीठ त्यांचं, लोणी त्यांचं,
मासा आजोबांचा.
नियमात बसत नाही. सहाच लिहिले मी त्या दिवशी.

बेडूक आला तो पाचव्या उन्हाळ्यात.
एकच, ओल्या दगडावर,
पोटाखाली हळदीसारखा पिवळा.
मी श्वास धरून फोटो काढला. हललेला आला.

खाली दरीतल्या वृद्धाश्रमात
आजोबा खिडकीशी असतात.
माशांचं मी त्यांना कधी बोलले नव्हते.
नुसता फोटो पुढं केला.
चष्मा कपाळावर ढकलून, फोन नाकाशी नेऊन
ते बराच वेळ बघत राहिले.
‘हेच,’ म्हणाले.
‘हे बसले होते वाटेत. म्हणून अडलं होतं ते.
आणि मी त्याला काठीनं मारलं.’

नर्सनं पाणी आणून दिलं.
त्यांचा हात हल्ली थरथरतो,
पेला काठापर्यंत हिंदकळतो, थोडं सांडतंही.
ती म्हणाली, ठेवा आजोबा खाली.
त्यांनी ठेवला नाही.