देखावा क्रमांक सत्तावीस

हा रस्ता कुठेही पोचण्यासाठी नाही,
हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगतात,
हिरवी टोपी हातात देताना.
पोचायचं असेल त्यांनी खालच्या हायवेनं जावं,
जिथं पेट्रोलपंप आहेत, गाद्यांच्या सेलचे फलक आहेत.
इथं ट्रक नाही. जाहिरात नाही. दिव्याचा खांब नाही.
ताशी पंचेचाळीस मैल,
आणि पुढचा हरणासाठी थांबला
तर मागच्यानं हॉर्न वाजवू नये, असा रिवाज.

माझं काम देखाव्यांचं.
देखावा बुजतो, हे लोकांना माहीत नसतं.
सात वर्षं हात लावला नाही
तर पॉपलर अख्खी दरी गिळतो.
म्हणून नोव्हेंबरात, पानं झडली की
मी आणि व्हर्लिन टिप्टन कमरेला दोर बांधून
दगडी कठड्याखाली उतरतो, करवत सुरू करतो,
दुपारी ती बंद केली की
वरून कुणाचा तरी आवाज येतो,
किती अस्पर्श आहे ना सगळं.

वहीत प्रत्येक देखाव्याला नंबर.
किती अंशांत उघडा, कोणती झाडं राखायची,
पलीकडचं शेत कुणाचं, त्याच्याशी करार काय:
गायी चालतील, मका चालेल,
पत्र्याची शेड दिसेल अशी चालणार नाही.
ऑटिस कॅगलला कोठार लाल रंगवायचं होतं.
तीन पत्रं गेली, तीन आली. करडं रंगवलं.
"शेत माझं, चित्र यांचं," म्हणाला,
आणि दर वसंतात न सांगता
लाकडी कुंपणाचे मोडके दांडे बदलतो.

सत्तावीस नंबर आमचा होता.
म्हणजे वडिलांच्या चुलत्याचा, लोन्झोचा.
छत्तीस साली एक आर्किटेक्ट आला,
पेन्सिलनं वळण काढलं:
इथं गाडी डावीकडे झुकेल
आणि दरी एकदम उघडेल.
घर त्या उघडण्याच्या आत येत होतं.

पांढऱ्या फळ्यांचं घर.
अकरा हिवाळे लाकूडगिरणीत घालून,
दोन बोटं तिथंच ठेवून
त्यानं त्या फळ्या आणल्या होत्या,
बापाची ओंडक्यांची खोली झाकायला.
ओंडके दिसणं त्याला गरिबी दिसण्यासारखं वाटे.
सरकारनं फळ्या काढल्या,
ओंडके ठेवले.
आता लोक तिथं फोटो काढतात.
पाटीवर लिहिलंय, आद्य वसाहतकऱ्याची झोपडी.
मुलं विचारतात, एवढ्याशा खोलीत राहायचे कसे?
मी सांगते, थंडीत जवळजवळ बसायचे.
हे खोटं नाही.
पुरतं खरंही नाही.

पैसे मिळाले त्याला. एकरी किती
ते घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही.
खाली गावात राहायला गेला,
आणि रविवारी, म्हणे, बायकोला घेऊन
याच रस्त्यानं यायचा, पंचेचाळीसच्या वेगानं,
वळणावर ब्रेकला पाय न लावता.
रस्ता छान झालाय हं, लोन्झो, ती म्हणायची.
हो, छान झालाय, तो म्हणायचा.

यंदा सत्तावीसची पाळी.
कठड्याखाली चाळीस फुटांवर सफरचंदाचं झाड,
खोड पोकळ, जीव एकाच फांदीत,
यादीत त्याच्यापुढे लाल फुली.
आंबट जात. पायसाठी बरी.
व्हर्लिननं करवत पुढे केली.
मी ती धरून उभी राहिले, मग खाली ठेवली,
डबा उघडला, सँडविच खाल्लं,
वहीत लिहिलं: उतार निसरडा, दोर पोचत नाही.
व्हर्लिननं दोराच्या वेटोळ्याकडे पाहिलं.
दोनशे फूट.
"नाहीच पोचत," म्हणाला.

आज रात्री बर्फ पडेल असं आहे.
बोगद्यात सुळे लोंबायला लागलेत.
फाटक लावून, कुलूप घालून ऑफिसात आले
तर टेबलावर पत्र, ओहायोच्या कुणा बाईंचं:
सुंदर प्रवास, स्वच्छ शौचालयं,
फक्त सत्तावीस नंबरवरून
डावीकडची दरी जराशी अडते.
उत्तर मलाच लिहायचंय.