मेंदीला पाणी

इझ्झा, ती बादली आधी खाली ठेव.
कासाब्लांकात नळ असेल. इथे विहिरीला
बत्तीस हात दोर लागतो,
आणि रोज पाजत बसलीस तर
मेंदीची मुळं वरच्या वरच बसतील
वाट बघत, पाहुण्या जावयासारखी.

आठवड्यातून एकदा, तेही दिवस कलल्यावर,
भांडी विसळल्याचं, साबण नसलेलं.
बोट खुपस. दुसऱ्या पेरापर्यंत
माती कोरडी लागली तरच.
पानं मलूल दिसली म्हणून घाबरायचं नाही,
दुपारची मीही तशीच असते.

छाटणी हम्मू दाखवेल: विळा तिरका,
बोटभर खुंट राखून.
शेळ्यांना काही शिकवता येत नाही,
त्यांच्यासाठी काटे.

सगळ्या ओळी फुलायच्या आत कापायच्या.
तझारीनच्या बाजारात पान विकलं जातं,
वासाला गिऱ्हाईक नाही.

हे भिंतीलगतचं झुडूप मात्र सोड.
तेवीस वर्षं याला विळा लागलेला नाही.

तुझा सासरा फ्रान्सच्या खाणीतून परतला
तेव्हा कोळशानं त्याचं नाक नेलं होतं.
भाकरी, शेळी, मी,
सगळं त्याला सारखंच.
एका रात्री इथे थबकला, या पांढुरक्या तुऱ्यांपाशी,
म्हणाला, "काहीतरी आहे इथे."

खरंच आला वास,
की माझ्याकडे बघून बोलला?
मी विचारलं नाही.
सकाळी विळा घेऊन आले होते,
तशीच परत गेले.

हं, ओत आता. एवढंच.
बुंध्याशी नको गं, जरा लांब.
येतील शोधत.