नमुना सतरा

सकाळच्या बोटीनं उकेरेवेहून डबा आला,
बर्फ न घातलेला: ह्या जंतूला गारठा सोसत नाही.
डब्याला दगाचा वास. दगा म्हणजे आपल्या भाषेतला नव्हे,
तिथल्या तळ्यातली बोटभर मासळी, वाळूवर सुकवतात ती.
आत अकरा नळ्या, झाकणांवर चिकटपट्टी,
चिकटपट्टीवर कुणाचं तरी घाईचं अक्षर.
एका नळीवरचा आकडा ओलीनं फुटला होता.
मिलेंबेनं भिंगाखाली धरून ठरवलं: सतरा.

माध्यम तिनं आदल्या रात्रीच उकळलं होतं.
ह्याला कुकर चालत नाही.
नुसतं ढवळत राहायचं, दुधावर ठेवतात तशी नजर ठेवून,
आणि उतू जायच्या आत उतरवायचं.
ढवळता ढवळता ती शिकाऊ पोराला, मासुंगाला, म्हणाली:
खाऊ काय, कुणीही घालतं. साखर, मीठ, यीस्ट.
खरी मेख कडू घालण्यात आहे.
बैलाचं पित्त. वर क्षार, जिभेला चरचरेल इतका.
त्या पातळ पाण्यात हजार जातींचे जीव असतात, पोरा.
हजारांनाही पंगतीला बसवायचं
आणि पानात असं वाढायचं
की बहुतेकांनी पहिल्याच घासाला उठावं.
जो शेवटपर्यंत बसेल, त्याच्याकडे बघायचं.

मासुंगानं विचारलं, जो बसला तोच गुन्हेगार?
नाही रे.
कधी कधी नुसता निगरगट्ट असतो.

मग तारेचं कडं ज्योतीत लाल, निववून नळीत,
आणि हिरव्या प्लेटवर रेघा.
प्लेट फिरवून पुन्हा रेघा. पुन्हा फिरवून.
शेवटची इतकी विरळ की एकेक जीव सुटा पडावा.
गर्दीत कुणाचीच ओळख पटत नाही.

सदतीस अंश, ताप नसलेल्या पोटाइतकी ऊब.
रात्री दोनदा वीज गेली.
दुसऱ्यांदा जनरेटरनंही तोंड फिरवलं,
तेव्हा तिनं इन्क्युबेटरवर स्वतःची शाल टाकली
आणि शेजारी स्टुलावर बसली, आजाऱ्यापाशी बसतात तशी.

उजाडलं. सतरा नंबरच्या हिरव्यावर पिवळे ठिपके,
मोहरीहून मोठे, मसुरीहून लहान, चपटे, चकचकीत.
भोवतालचं हिरवंही पिवळं पडत चाललेलं.
मासुंगा आनंदून ओरडला. मग कशाचा आनंद, ते आठवून गप्प झाला.
पिवळं म्हणजे निकाल नव्हे, ती म्हणाली.
साध्या अगारवर पुन्हा पेरायचं. आणखी एक रात्र.

त्या रात्री तिनं अर्ज वाचला. वाचायला नको होता.
नाव नाही, नाव प्रयोगशाळेपर्यंत येतच नाही.
स्त्री. वय एकतीस. धंदा: दगा वाळवणे.
गावाच्या रकान्यात तिच्या माहेरचा धक्का.
त्या धक्क्यावर मासळी पसरणाऱ्या बायका चाळीसेक असतील.
एकतिशीतल्या सहा-सात तरी.
त्यांतली एक न्क्विम्बा, तिच्या पाठची.

तिसऱ्या सकाळी काचपट्टीवर एक थेंब,
त्यात कालवलेला कडंभर जीव.
तिनं कडं हळूच वर उचललं
आणि थेंबातून तार निघाली.
एकतारी पाकाची निघते तशी,
वर, आणखी वर, तुटेना.
मासुंगा मोजत होता. ती मोजत नव्हती.
पुढची रक्तद्रवाची चाचणी तिनं नियमाला धरून केली,
दाणे दाणे झाले,
आणि वहीत लिहिलं ते सुवाच्य, नेहमीच्याच शाईनं.

लुहेंडेसाहेबांना फोन: पटकी आहे.
धक्क्याजवळची विहीर बंद करा.
हो, आजच. हो, माझी सही.

मग वापरलेल्या प्लेटा डब्यात भरल्या, डबा कुकरमध्ये.
मासुंगानं विचारलं, आता चालतो?
आता चालतो.

नंतर तिनं स्वतःच्या फोनवरून घरचा नंबर लावला.
बराच वेळ वाजत राहिला.
कुणीतरी उचलला, बाईचा आवाज,
आणि नेमकी तेव्हाच कुकरनं शिट्टी धरली.
ती कानावर तळवा दाबून म्हणत राहिली,
कोण? कोण बोलतंय?