मूठ

दिओलिंदाच्या बोटांना ठसे नाहीत.
एक्केचाळीस वर्षं सार्डिनची डोकी उडवताना
खारं पाणी, खवले आणि तासाला अमुक इतक्या पाट्यांचा हिशोब
यांनी ते हळूहळू पुसून नेले.
ओळखपत्राच्या कचेरीतल्या पोराने
तिचा अंगठा तीनदा कापसाने पुसला,
यंत्रावर दाबला, मग नुसताच धरून बसला.
शेवटी रकान्यात एक आडवी रेघ मारली.

फोनचंही तेच.
पेनिशच्या धक्क्यावर नोव्हेंबरचा वारा सुटला
की काच तिला ओळखच देत नाही.
ती बोट टेकवते, घासते, फुंकर घालते, शिवी हासडते;
तोवर ढगातून उतरलेली उन्हाची तिरीप
होडीवरून सरकून
कुणा परक्याच्या टकलावर जाऊन बसलेली असते.

मग आन्सेल्मोने, नातवाने,
जुन्या बाजारातून ही मूठ आणली.
काळी, रबराची, एका कडेला कुरतडलेली;
आधीच्या मालकाकडे कुत्रं असावं.
वरच्या चिमट्यात फोन बसतो, स्प्रिंग कुरकुरते,
आणि तर्जनी जिथे आपसूक पडते
तिथे एक खरंखुरं बटण.
दाबलं की खाली जातं.

तिने ती हातात घेतली आणि काही बोलली नाही.
तळहाताला आधी कळलं:
हा उतार, करंगळीखालचा हा फुगवटा.
कारखान्यातल्या सुरीची मूठ ऑलिव्हच्या लाकडाची होती,
झिजून झिजून तिच्याच हाताच्या मापाची झालेली.
टाळं लागलं त्या दिवशी, शेवटच्या पगाराबरोबर,
मुकादमाने ती परत मागून घेतली. सही घेऊन.

(पगार, चावी, बादली:
तिच्या भाषेतून आमच्याकडे येऊन कधीचे रुळलेले शब्द.
सुरी मात्र ज्याची त्याची.)

बटण विचारत नाही, तू कोण,
कातडी का कोरडी, अंगठा कुणाचा.
भार दे, एवढंच.

पहिले फोटो तिरपे आले. समुद्र डावीकडे सांडत होता.
“कोपर बरगडीला लाव,” आन्सेल्मो म्हणाला.
“पंधरा वर्षांचा तू, मला कोपर शिकवतोस?”
पण लावलं. श्वास रोखला,
सुरी कल्ल्याखाली शिरताना रोखायची तसा,
आणि समुद्र आपल्या जागी येऊन बसला.

आता ती एका हाताने काढते.
दुसऱ्याने कठडा धरते, टोपी धरते,
नाहीतर झुल्मिराचा दंड.
झुल्मिरा फोटोला चेहरा देत नाही.
म्हणते, दात नाहीत, पाठ घे.
तिच्या पाठीचे अकरा फोटो झालेत.
एकात ती हसतेय. पाठीवरूनही कळतं.

परवा तर गंमतच झाली.
बाजारातून येताना मूठ सोडवून कोटाच्या खिशात घातली,
फोन टाकला कापडी पिशवीत, कॅमेरा तसाच उघडा.
चढावर पावलागणिक खिशात बटण दाबलं जात होतं
आणि पिशवीत फोटो निघत होते.
दोनशे सात.
अंधार. अंधार. कांद्याची साल. अंधार.
पावाची कड. पुन्हा अंधार, हललेला.

“सगळे उडवतो, जागा अडते,” आन्सेल्मो म्हणाला.
तिने त्याचा हात बाजूला सारला.
एका फोटोत पिशवीच्या विणीतून ऊन आत आलंय,
मोहरीएवढ्या ठिपक्यांनी,
आणि कांद्याची प्रत्येक शीर मोजता येते.
जराही हललेला नाही.

“हा कुठला?”
“चर्चच्या वळणावरचा असणार.
तिथे मी दम खायला थांबते.
हात खिशात घालून.”