काशाचं घड्याळ

रोमुआल्डनं तीन अंडी टणक उकडली,
कुस्करून बलक डब्यात पसरला,
त्यावर बशी, बशीत नवंकोरं काशाचं घड्याळ,
आणि झाकण घट्ट.
"सकाळपर्यंत चाळिशी गाठेल," म्हणाला.

तबकडीवरच्या पांढऱ्या ठिपक्यांना कालच
कोऱ्या चहाचा हात दिलेला, बारीक ब्रशनं,
श्वास रोखून.
पट्टा दाराच्या कडेवर घासून झाला होता.

मी समोर, खांद्यावर विटका टॉवेल,
पांढऱ्या केसांवर तपकिरी लगदा थापून.
अर्धा तास थांबा, असं पाकिटावर लिहिलेलं.

"तुझ्या वडिलांचं होतं ना असं एक?"
"होतं. गोदीचा संप लांबला तेव्हा विकलं."
"असंच डागाळलेलं?"
तो अंड्यांची टरफलं गोळा करत राहिला.
"छे. लखलखीत.
रोज झोपताना फडक्यानं पुसायचे."

खिडकीखाली ग्दिनियाच्या धक्क्यावरून
स्वीडनची बोट भोंगा देऊन सुटली.
ही नऊची, की उशिरा निघालेली आठची?
माझं डोकं चुरचुरायला लागलं होतं.

"अरे, वाजले किती?"

दोघांनीही डब्याकडे पाहिलं.
झाकण तर उघडायचं नव्हतं.