कोरं दूध

नमुना आला तेव्हा टे नदी दिसेनाशी झाली होती.
डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
बर्फाच्या पिशवीत एक नळी,
बोटभर दूध,
नाव नाही, बारकोड.
सोबत सुईणबाई कॅट्रिओनाची चिठ्ठी:
आई फिटांच्या गोळ्या घेते.
बाळ नऊ दिवसांचं.
रिपोर्ट येईपर्यंत दूध पिळून बेसिनमध्ये ओततेय.
जरा घाई करता आली तर बघा.

घाई करता येत नाही.
कॉलम पंधरा सेंटिमीटरचा,
आणि ज्याला जितकं अडकायचं
तितकं तो त्यात अडकतोच.

आधी दूध नासवायचं.
हा शब्द मी इथे कुणाला सांगत नाही,
इथे प्रथिनं खाली बसवतात.
पण गार ॲसिटोनायट्राइल पडताच
ते अगदी घरच्यासारखं फाटतं
आणि माझा हात
नसलेला गॅस बंद करायला जातो.

मग दहा मिनिटं गरगर.
गारगोटीकडच्या आमच्या डेअरीत असंच एक यंत्र होतं,
हाताने फिरवायचं.
अण्णा त्यात फॅट काढायचे.
सदऱ्याला आम्लाचा वास, रविवारीसुद्धा.
म्हैस कुणाची ते बघायचे नाहीत,
किटलीचा नंबर बघायचे.
एकदा सख्ख्या बहिणीला म्हणाले,
'चार पॉइंट एक.'
आत्या दोन वर्षं आमची पायरी चढली नाही.

मोजायला आधी कोरं दूध लागतं,
ज्यात औषधाचा कणही नाही असं.
त्यात औषध मिसळायचं,
थोडं, जास्त, आणखी जास्त,
त्यातून एक रेघ निघते
आणि त्या रेघेवर
हिचं दूध कुठे बसतं ते बघायचं.
आमचं कोरं दूध फ्रीझरच्या तिसऱ्या खणात आहे,
पर्थच्या कुण्या बाईनं दिलेलं.
तिच्या फॉर्मवर
'बाळाचं वय' हा रकानाही कोराच.
मी कधी विचारलं नाही.

पडद्यावर सुरुवातीला दुधाची आपली गर्दी,
ती लवकर निघून जाते.
मग सपाट.
मग सपाट.
सहा मिनिटं चाळीस सेकंदांनी
एक टेकाड उठलं,
बारीक, पण उठलं.
दुसऱ्यांदा चालवलं, तिथेच उठलं.
रेघेच्या खालच्या टोकाजवळ.

पावणेआठला फोन केला, आकडा सांगितला.
'म्हणजे पाजू दे ना?' कॅट्रिओना म्हणाली.
ते डॉक्टर सांगतील, मी म्हटलं, माझ्याकडे आकडा आहे.
आणि पुन्हा सांगितला, पॉइंटसकट,
अण्णांच्याच आवाजात.
तिकडे एक बाळ रडत होतं.
ते कुणाचं, कळायला मार्ग नाही,
वॉर्डात बाळं रडतातच.

नळीत दीड मिलिलिटर उरलं होतं.
डेअरीत उरलेलं दूध
पत्र्यावरच्या मांजरांना जायचं.
इथे पिवळा डबा आहे,
त्यावर झाकण आहे,
झाकण उघडायला पायाने दाबायची पट्टी आहे.
मी पाय ठेवला, काढला.
नळीवर तारीख घातली,
खाली लिहिलं: पुन्हा तपासण्यासाठी,
आणि ती तिसऱ्या खणात ठेवली
पर्थच्या बाईच्या दुधाशेजारी.

पुन्हा तपासायचं
काही कारण नव्हतं.