काहून

आमच्या लालगंजच्या शाळेत संगणक नऊ,
चालणारे पाच,
त्यातल्या एकाचं ‘र’चं बटण मेलेलं.
तिथं पराग हेडाऊ बसतो.
स्वतःचं नाव तो ‘पाग’ लिहितो
आणि म्हणतो, चालते बाई, मले समजते ना.

मला प्रशिक्षण मिळालं दोन दिवसांचं,
एक प्रमाणपत्र, एक कापडी पिशवी
आणि एक वाक्य: कोडिंग म्हणजे यंत्राला नेमका हुकूम.
हुकूम मला येतो.
बावीस वर्षं दुसरं केलं काय?
ओळीत चला. समास सोडा.
‘काहून’ नाही रे, ‘का’ म्हणा.

एप्रिल. सकाळची शाळा,
तरी नऊलाच टिनाचं छत
तडतड बोलायला लागतं.
फळ्यावर मी लिहिलं:
जर तापमान पंचेचाळीसच्या वर
तर सुट्टी
नाहीतर शाळा.
पोरांनी ठोकळे जोडले,
पेपरातला कालचा आकडा टाकला,
चव्वेचाळीस पूर्णांक आठ.
पडद्यावर उमटलं: शाळा.
टाळ्या पडल्या, थोडं हाय हायही झालं.

मागच्या बाकावरून श्रावस्ती गोंडाणे:
बाई, हा आकडा कुठचा?
पेपरातला.
पेपरात कुठून आला?
सोनेगावहून. विमानतळाकडे मोजतात.
तिथं टिनं हायेत का?
नाहीत गं. मोकळं मैदान, पांढरी पेटी,
आत सावलीत तापमापी.
मंग आपल्या वर्गाले
त्याईचा आकडा काहून?

जिभेवर आलंच होतं, ‘का’ म्हण.
गिळलं.

तिचा बाप कमाल चौकात कूलर दुरुस्त करतो.
मोटरला हात लावायच्या आधी
तो म्हणे घरभर फिरतो,
हवा येते कुठून ते पाहत.

विज्ञानाच्या कपाटातून आम्ही तीन तापमापी काढले,
एकाला कोळ्याचं जाळं होतं.
एक वर्गात टांगला, पंख्याच्या दांड्याखाली.
एक अंगणात, कडुलिंबाला.
एक मोठ्या सरांच्या खोलीत, कूलरसमोर,
सर म्हणाले, हे काय नवीन?
अकराचा ठोका झाला.
वर्ग: त्रेचाळीस.
कडुलिंब: एकोणचाळीस.
सर: एकतीस.

पोरं आकड्यांकडे बघत राहिली
जसं कोणी घरातलंच खोटं बोलताना सापडावं.
पण खोटं कुणीच बोललं नव्हतं.
अल्तमश म्हणाला, सरासरी काढा.
पाग म्हणाला,
सरासरीत कोण बसते बे?

त्या दिवशी पुढचा धडा झाला नाही.
भांडण झालं, चांगलं तासभर.
मी खडू हातात धरून उभी,
आणि कुणालाही माझी गरज नव्हती.
हे थोडं लागलं, खरं सांगते.

बुधवारी पाहणीला साहेब आले.
चालवून दाखवा, म्हणाले,
आणि नेमके त्याच संगणकावर बसले.
त्यांनी टाकलं: शेहेचाळीस.
पडद्यानं विचारलं: कुठे मोजलं?
साहेबांनी टंकलं: नागपू
बटण दोनदा दाबलं, तिसऱ्यांदा जोरात.
नागपू.
पडद्यानं विचारलं: तिथं कुठे? छताखाली की झाडाखाली?
श्रावस्ती मागे हाताची घडी घालून उभी,
बापासारखी, बहुधा.
साहेब माझ्याकडे वळले:
मॅडम, सुट्टी की शाळा, एवढंच सांगायचं होतं ना याला?
शेरा लिहिला: प्रोग्राम अपूर्ण.
खाली मी सही केली.
चूक नव्हतंच ते.

पोरं गेल्यावर टाचणवही उघडली.
शेवटचा रकाना, उद्दिष्ट साध्य झाले?
छापलेलं असतं: हो / नाही.
एकावर खूण करायची, वही मिटायची,
वर्षानुवर्षं तसंच.
पंख्याच्या दांड्याखाली तापमापी अजून हलत होता.
त्या दोन शब्दांच्या मधे
तिरक्या रेघेजवळ
मी श्रावस्तीचा शब्द लिहिला, तिच्याच उच्चारात.
जागा कमी होती.
‘न’ बाहेर गेला, समासात.